लसीकरणाचं कार्ड अपुरं म्हणून केजीचा प्रवेश अडला, काय करावं?

पांढरंसोनं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी समुद्रपूर तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडे जे सालदार आहेत त्यांच्या मुलीबद्दल विचारायचं आहे. पोरगी साडेचार वर्षांची. ती नऊ महिन्यांची झाली आणि मायबाप तिला घेऊन नागपूरकडे विटाभट्टीवर गेले, तिथून दुसऱ्या भट्टीवर, असं करत करत गेल्या पाडव्याला आमच्याकडे सालावर आले. बापाची फार इच्छा की पोरीनं तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकावं. गावातून ऑटो जातो, आणखी पोरं आहेत त्यात.

फॉर्म भरायला मी सोबत गेलो. जन्मदाखला, आधार, फोटो सगळं होतं. शेवटी बाबूनं लसीकरणाचं कार्ड मागितलं. मायनं ते एवढी वर्षं बारदान्याच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जपलेलं. घडीवर फाटलंय, पण नऊ महिन्यांपर्यंतच्या चौकटींत निळ्या शाईच्या तारखा स्पष्ट दिसतात. त्याखालच्या चौकटी कोऱ्या. बाबू म्हणाला, "हे पूर्ण करून आणा, मग फॉर्म घेऊ." बाहेर आल्यावर बाप मला म्हणते, "राहू द्या मालक, आपल्या नशिबात नाही, अंगणवाडीतच बसू दे तिले."

मला हे पटत नाही. असा नियम खरंच आहे का? आणि राहिलेले डोस या वयात देतात, की वेळ निघून गेली? जाणकारांनी सांगावं.

सिस्टरबाई

भाऊ, मी आरोग्य खात्यातून एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी उपकेंद्रावर गेली. आधी त्या मायला सांगा की वेळ गेलेली नाही. आणि कार्ड जपलं म्हणून तिचं कौतुक करा, भल्या भल्या घरी ते सापडत नाही.

नऊ महिन्यांपर्यंतचं झालंय म्हणजे बीसीजी (क्षयाची), पेंटाचे (पाच रोगांवरची एकच लस) तीन, पोलिओ आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस झाला. राहिले ते १६ ते २४ महिन्यांचे: गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस) पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर. गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत देता येतात, डीपीटी सात वर्षांपर्यंत. तिन्ही एकाच दिवशी चालतात, दोन सुया आणि तोंडात थेंब. पहिल्यापासून पुन्हा काही सुरू करावं लागत नाही, जिथं थांबलं तिथून पुढं. अ जीवनसत्त्वाचा डोसही मागा, तो पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो आणि भट्टीवरच्या लेकरांचा हमखास चुकलेला असतो.

पण तिला पाच पूर्ण व्हायला सहाच महिने आहेत. शाळेचं नंतर बघा, लसीकरणाच्या पुढच्या सत्राला तिला अंगणवाडीत न्या. डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत असतो. पहिला उशिरा झाला म्हणून दुसरा कधी, ती तारीख सिस्टर कार्डावर लिहून देतील, ती लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

आणखी एक. कार्ड फाटलंय म्हणून कोणी लॅमिनेट करायला सांगेल. करू नका. त्यावर पुढं काही लिहिता येत नाही.

मोर्शीचे वकील

नियमाचं सांगतो. शाळाप्रवेशासाठी लसीकरण सक्तीचं करणारा देशपातळीवरचा कायदा आपल्याकडे नाही. इंग्रजांच्या काळात १८८० चा लसीकरण कायदा होता, देवीच्या लसीसाठी. तो २००१ मध्ये रद्द झाला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू होतो. त्याच्या कलम १४ मध्ये वयाचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही असं आहे. यावरून त्या कायद्याचा कल कुठं आहे ते कळतं. केजी मात्र या वयोगटाच्या अलीकडे आहे, त्यामुळे खाजगी कॉन्व्हेंटसमोर हे कलम सरळ वाचून दाखवता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २०२२ चा निकाल लोक नेहमी अर्धाच सांगतात. तो कोविडच्या लसीबद्दल होता. कोणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, हे न्यायालयानं म्हटलं. पण सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात निर्बंध घालता येतात, हेही त्याच निकालात आहे.

तुमच्या प्रकरणात भांडणाचं कामच नाही, कारण आईबाप लस द्यायला तयार आहेत. साधा अर्ज द्या की अमुक तारखेच्या सत्रात राहिलेले डोस देत आहोत, तोवर फॉर्म घ्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा पोचशिक्का घ्या. लेखी दिलं की बाबू तोंडी नाही म्हणत नाही.

रानवारा

माया बी आयका जरा. माया पोट्ट्याले दीड महिन्याची सुई देली त रातभर ताप, मांडी टनक झाली, हात लावू देये ना. वेचनी सुरू होती, बायकोची दोन दिवसाची मजुरी बुडाली. कोनी येऊन पायलं नाई. पुढच्या वक्ती बायकोच म्हने का नाई नेत मी आता.

अन् घाटंजी तालुक्यात २०२१ साली पोलिओच्या दिवशी बारा लेकराइले डोसाच्या जागी सॅनिटायझर पाजलं होतं. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, खोटं थोडीच हाय? लेकरं वाचले, देवाची किरपा. मी लसीच्या इरोधात नाई. पन गरिबाचं लेकरू हाय त कसंबी चालते, असं वाटते मले. अन् मंग तेच लोक कार्ड मागते.

सिस्टरबाई

रानवारा भाऊ, तुमची मजुरी बुडाली हे खरं आणि कोणी पाहायला आलं नाही हेही चुकीचंच झालं. आशाताईनं दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारायला हवं होतं, ते कामच आहे.

तापाचं समजून घ्या. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा देतात. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या घटकानं ताप येतो, मांडी दुखते, सुजते. एक-दोन दिवसांत उतरतं. तापाचं औषध किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर असतं, ते सिस्टरकडून तिथंच विचारून घ्या. टोचल्या जागी शेकू नका, चोळू नका, हळद-चुना लावू नका. अंगावर पाजणं सुरूच ठेवा. दोन दिवसांच्या वर ताप राहिला, झटका आला, किंवा बाळ सुस्त पडून दूध ओढेना तर मात्र थेट दवाखाना. आणि सुई दिल्यावर अर्धा तास तिथंच बसा, तो अर्धा तास कोणत्याही घाईत सोडू नका.

घाटंजीचं जे झालं त्याला मी पांघरूण घालणार नाही. पण त्यातून आईबापानं शिकायचं ते हे, की बघायचा हक्क आपला आहे. पोलिओची शिशी इवलीशी असते, ड्रॉपरवाली, आतला द्रव पिवळसर किंवा फिका गुलाबी. शिशीवर एक गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्ही रंग सारखे झाले किंवा चौकोन गडद झाला तर ती उन्हानं गेलेली, वापरायची नाही. "सिस्टर, शिशी दाखवा" म्हटलं तर चांगली सिस्टर दोन्ही हातांनी दाखवते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून हे पाहायलाच हवं. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उपकेंद्रावर येते ती निळ्या डब्यातून, आत चार आइसपॅक. मी सकाळी प्रत्येक आइसपॅक कानाशी धरून हलवायची. आत पाणी खळखळलं की मगच डब्यात, कारण कडक बर्फाला टेकून पेंटा किंवा डीपीटी गोठली तर तीही वाया.

खडूफळा

मी दिग्रसकडे जिल्हा परिषद शाळेत आहे. आमच्या शाळेत कार्ड नाही म्हणून कोणाला परत पाठवत नाही, पाठवूही नये. पण खरं दुखणं वेगळं आहे. आम्ही कार्ड मागतच नाही. पहिलीत पोरगं येतं, आधार, जन्मदाखला, बँक खातं सगळं विचारतो आणि लसीचं कोणी विचारत नाही. डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत, म्हणजे बरोबर पहिलीच्या तोंडावर. तोवर बहुतेक आईबापांचा समज झालेला असतो की लसी संपल्या. पुढं दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) असते, पाचवी आणि दहावीला शाळेतच देतात, ती होऊन जाते. मधला पाच वर्षांचाच डोस हरवतो.

घटसर्प म्हणजे जुनी गोष्ट असं वाटतं ना? २०१६ मध्ये केरळात मलप्पुरमला मुलं दगावली होती घटसर्पानं. केरळात! जिथं दवाखाने आपल्यापेक्षा कितीतरी जवळ आहेत.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षं, शाळाशाळांतून. तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं होतं. आम्ही पालकसभा घेतली, सिस्टरला बोलावलं, आयांनी तिला तासभर प्रश्न विचारले. सभेत कोणाला रागावलं नाही, कोणाचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. मोहिमेच्या दिवशी पोरं रांगेत उभी होती.

केजीताई

मी तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंटमध्ये शिकवते (धाग्यातली शाळा नाही), म्हणून शाळेचीही बाजू मांडते. एका वर्गात चाळीस लहान मुलं, एकाच चटईवर, एकमेकांच्या डब्यात हात. गोवर आला तर तो एका मुलावर थांबत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, लहान मुलं गेली. कार्ड मागणं चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही. सगळ्या शाळांनी मागावं.

खडूफळा

ताई, मागण्याबद्दल वाद नाहीच. मागून काय करायचं, याबद्दल आहे. "पूर्ण करून आणा" म्हणून खिडकी बंद केली तर ते लेकरू कुठं जातं? लस घ्यायला नाही जात, घरी जातं. धाग्यातला बाप काय म्हणाला ते पुन्हा वाचा. ज्यांची कार्डं अपुरी आहेत त्यांत भट्टीवरचे, ऊसतोडीचे, पारध्यांच्या बेड्यावरचे जास्त. त्यांनाच शाळेची सगळ्यात जास्त गरज, आणि आपण त्यांनाच दारातून परत पाठवायचं?

लेकीचीआई

इथं सहसा लिहीत नाही, आज लिहिते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्यावर नागपूरला रक्ताच्या कॅन्सरचे उपचार सुरू आहेत. गोवर-रुबेलाची लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. केमो सुरू असताना ती देता येत नाही. आणि पूर्वी दिलेल्या लसीचा भरवसाही या उपचारात उरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. म्हणजे तिच्या आजूबाजूची मुलं हीच तिची लस.

लोक मला म्हणतात, कोणाला पुरळ दिसला की आम्ही आमचं मूल घरी ठेवू. पण गोवर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो. खोकणारं मूल खोलीतून निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. पुरळ दिसेपर्यंत माझ्या लेकीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तर गोवराला वाट मिळत नाही. उरलेल्या पाचांत माझी लेक आहे, आणि नऊ महिन्यांच्या आतली सगळी बाळं आहेत.

केजीताई, तुमचं म्हणणं माझ्या काळजाला भिडतं. आणि तरी मी खडूफळा सरांच्या बाजूनं आहे. सालदाराची मुलगी शाळेबाहेर राहिली तर ती गावातच खेळणार आहे, बिनलसीची. मला ती लस घेऊन शाळेत आलेली हवी आहे.

डॅलसची अकोलेकर

इथल्या व्यवस्थेचं सांगते. अमेरिकेत सगळ्याच राज्यांत शाळेत आणि पाळणाघरात घालण्यासाठी ठरावीक लसी लागतात. हे जुनं आहे. टेक्सासच्याच सॅन अँटोनियो शहरातला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२२ मध्ये न्यायालयानं शाळांची अट मान्य केली. तरी टेक्सासमध्ये पालकांना "सदसद्विवेकाच्या कारणावरून" लेखी सूट घेता येते. अशा सुटी काही भागांत वाढत गेल्या आणि २०२५ च्या जानेवारीत पश्चिम टेक्सासमध्ये गोवर उसळला. ऑगस्टमध्ये संपला तोवर ७६२ रुग्ण झाले होते आणि शाळेत जाण्याच्या वयाची दोन मुलं दगावली. दोघांनाही लस दिलेली नव्हती.

तुमच्या कामाची गोष्ट पुढची आहे. इथं प्रत्येक आवश्यक लसीचा निदान एक डोस झालेला असेल आणि पुढचे वेळापत्रकाप्रमाणे चालू असतील तर तात्पुरता प्रवेश देतात. मूल वर्गात बसतं, शाळेची नर्स तारखांचा पाठपुरावा करते. अट आहे, पण दार बंद नाही. तुमच्या त्या मुलीसाठीही असंच काही व्हायला हवं.

सातपुड्याची लेक

धारणीकडून लिहितेय. आमच्याकडे प्रश्न कॉन्व्हेंटचा नाही, अंगणवाडीचा आहे. अंगणवाडी १९७५ पासून आहे आणि लसीकरण हे तिच्या सहा कामांतलं एक काम आहे. म्हणजे लस नाही म्हणून अंगणवाडी कोणाला नाही म्हणूच शकत नाही, तिथं यावं म्हणजे लस मिळावी, असा तो हिशेब.

पण सत्राच्या दिवशी काय होतं ते सांगते. गोवरची शिशी एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून एखादी सिस्टर म्हणते, आज दोनच लेकरं आहेत, पुढच्या वेळी या. डोंगर उतरून आलेली बाई पुढच्या वेळी येत नाही. आणि ज्या लेकराला परत पाठवलं ते बहुतेक वेळा कमी वजनाचं असतं. कुपोषित लेकराला गोवर झाला की आधी न्यूमोनिया, मग जुलाब, आणि तो काही दिवसांत हाती लागत नाही. "अशक्त आहे, सुई सोसणार नाही" असं घरची म्हातारी माणसं म्हणतात. उलट अशक्त लेकरालाच ती आधी द्यायची असते.

अंगावर आलं की कडुनिंबाचा पाला, घरात फोडणी नाही, मातामायला निवद, हे आमच्याकडेही आहे. माझी आजी करायची, मी कोणाला करू नका म्हणत नाही. मी फक्त म्हणते, मातामायला जा आणि सिस्टरकडेही जा.

सिस्टरबाई

धारणीच्या ताई, शिशीबद्दल अगदी लिहून ठेवा सगळ्यांनी. एक लेकरू आलं तरी शिशी उघडायची, अशी सूचना आहे. लस वाया गेली तर चालेल, लेकरू परत जाता कामा नये. कोणी परत पाठवलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

पांढरंसोनं (धागाकर्ता)

मंडळी, खबर देतो. मंगळवारी गावच्या अंगणवाडीत सत्र होतं. पोरीची माय, मी आणि माझी बायको तिघं गेलो. रानवारा भाऊंचं आणि सिस्टरबाईंचं वाचून मी शिशी दाखवा म्हटलं. सिस्टरनं दाखवली, गोल-चौकोन मायलाही समजावून सांगितला. शिशीवर उघडल्याची वेळ पेननं लिहिलेली होती. पोरीनं एका सुईला दम धरला, दुसरीला भोकाड पसरलं. थेंब झाले, अ जीवनसत्त्वही झालं. आम्ही अर्धा तास बसलो. रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला. पोरीच्या मायचा तो दिवस मी हजेरीत धरला. वेचणीला नेलं असतं तर आम्हीच तिला पुढच्या डोसापासून तोडलं असतं.

शाळेत वकीलसाहेबांनी सांगितला तसा अर्ज दिला, सोबत कार्डाची झेरॉक्स आणि सिस्टरनं लिहिलेली पुढची तारीख. मुख्याध्यापिका बाई स्वतः बाहेर आल्या, कार्ड वाचलं आणि फॉर्म घेतला. त्यांनी तारीख रजिस्टरमध्ये लिहून ठेवली आहे, आठवण करून देऊ म्हणाल्या. माणूस चांगला निघाला, खिडकीवरच अडलं होतं.

सत्राच्या दिवशी आशाताईच्या यादीत पाहिलं तर बाहेरून आलेल्या सालदारांची नावंच नव्हती. म्हणजे चुकलेली आणखी पोरं गावातच आहेत. आता गोठ्यागोठ्यावर जाऊन नावं घेतोय. दोघांकडे कार्डच नाही. त्यांचं काय करावं?

सिस्टरबाई

जिथं जन्म झाला किंवा आधी डोस झाले तिथल्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद असते. त्या वेळी दिलेला मोबाइल नंबर आठवत असेल तर यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवरही सापडू शकते, पण ते अलीकडचं आहे, जुन्या नोंदी त्यात असतीलच असं नाही. कुठंच काही मिळालं नाही तर डोस झालाच नाही असं धरून वयाप्रमाणे सुरू करतात. चुकून एखादा डोस दुबार झाला तरी अपाय नाही. न झालेला राहून गेला तर मात्र अपाय आहे. बीसीजीचा व्रण दिसत नाही म्हणून कोणी घाबरवलं तर घाबरू नका, एक वर्षानंतर ती देत नाहीत.

नव्या कार्डाचे पैसे लागत नाहीत. आशाताईला या मुलांची नावं यादीत चढवायला सांगा आणि ती चढवताना शेजारी बसा.

खडूफळा

आमच्याकडे एप्रिलमध्ये पहिलीच्या पोरांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो. विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी, म्हणजे मध्ये दोन महिने मिळतात. यंदा त्या मेळाव्यात सिस्टरचं एक टेबल मांडायचं मी मुख्याध्यापकांशी बोललोय. कार्ड बघायचं, राहिलेल्या डोसाची तारीख तिथंच लिहायची, प्रवेश आधीच दिलेला. कोणत्या शाळेत असं करत असतील तर कळवा, रजिस्टर कसं आखायचं ते विचारायचं आहे.

रानवारा

गुरुजी, तुमच्याकडे मेळावा कोनत्या तारखेले हाय? माया लहाना यंदा पयलीत जाते. त्याचे दोन डोस रायले. बायकोले घेऊनच येतो, तिले सिस्टरले काई इचारायचं हाय.